टप्पा कुणाचा?

"जमीन इतकी साफ करून ठेवलीस, तर पोरं शिकणार कशावर?"

मामांचा हा प्रश्न म्हणजे आमच्या वादाचं मूळ. मामा आझाद मैदानावर वाढले. तरुणपणी क्लबकडून कांगा लीग खेळले आणि खेळणं सुटल्यावर माळ्यांच्या बरोबरीने पिचवर राबले. मी मध्य न्यू जर्सीतल्या एका गावात राहते. इथल्या मुलांच्या बेसबॉलचं मैदान पालकच सांभाळतात. गवत गावातर्फे कापलं जातं. माती, माउंड (पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, उभा राहतो तो मातीचा उंचवटा), फक्की आणि पाणी हे सगळं आमच्याकडे. प्रशिक्षक व्हायला पुष्कळ जण पुढे येतात, दाताळं हातात घ्यायला फारसं कुणी नसतं. मला ते काम मनापासून आवडतं. उन्हाळ्यात मामा आमच्याकडे आले आणि संध्याकाळी माझ्याबरोबर मैदानावर येऊ लागले. तिथलं आमचं बोलणं इथे एकत्र करून लिहिते आहे, कारण दोन्ही बाजूंमध्ये मला तथ्य दिसतं. एका बाजूत थोडं जास्त.

"कांगा लीग 1948 पासून भर पावसाळ्यात खेळतात," मामा म्हणाले. "पिच झाकलेलं नसायचं, आउटफिल्डला गवत घोट्याच्या वर. एक चेंडू छातीवर यायचा, पुढचा घोट्याखालून जायचा. तिथे ज्याने पंचवीस धावा काढल्या, त्याला कोरड्या पिचवरचं शतक जड जात नसे. चेंडू शेवटपर्यंत बघायचा, उशिरा खेळायचा, हात मऊ ठेवायचे. मुंबईच्या फलंदाजीचं लोक कौतुक करतात ना, ती त्या चिखलात घडली. आणि तू काय करतेस? खडे वेचतेस, जाळी ओढतेस, पाणी मारतेस. मातीने तोंडच उघडू नये अशी व्यवस्था."

"तीच व्यवस्था करायची आहे मला, मामा. सामन्याच्या दिवशी तरी."

"का पण?"

"कारण इथे टप्पा घेणारा माणूस वेगळा आहे."

क्रिकेटमध्ये गोलंदाज ठरवून टप्पा टाकतो. समोर बॅट घेतलेला माणूस पॅड बांधून, पवित्रा घेऊन उभा असतो. माती त्या दोघांच्या मधली. ती फिरली, फुटली, उसळली, तर तो खेळाचाच भाग. बेसबॉलमध्ये पिचर जो चेंडू टाकतो तो जमिनीला लागणं अपेक्षितच नाही. चेंडू मातीला लागतो तो बॅटरने मारल्यावर, आणि तेव्हा समोर असतो क्षेत्ररक्षक. आमच्या मैदानावर दोन बेसमधलं अंतर 60 फूट, मोठ्यांच्या मैदानावर 90. म्हणजे शॉर्टस्टॉपला, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे, उभी असलेली दहा वर्षांची मुलगी बॅटपासून फार लांब नसते. ती गुडघ्यात वाकलेली असते, ग्लव्ह मातीला टेकलेला असतो आणि नजर चेंडूवर, म्हणजे चेहरा थेट चेंडूच्या रेषेत. तिला आम्ही काय शिकवतो? बाजूला होऊ नकोस, तोंड फिरवू नकोस, चेंडूच्या समोर ये.

"हे तिला सांगायचा अधिकार मला कधी येतो?" मी मामांना विचारलं. "तिच्या पुढची माती मी हाताने तपासलेली असेल तेव्हाच."

"आणि आमच्या फॉरवर्ड शॉर्टलेगला कोण विचारतं?"

"तो हेल्मेट घालतो."

"आमच्या वेळी घालत नव्हता."

"मग त्याचे दात विचारा, मामा."

मामा गप्प बसणाऱ्यांतले नाहीत, पण क्षणभर थांबले. तेवढ्यात मी त्यांना 1960 च्या वर्ल्ड सिरीजचा सातवा सामना सांगितला. पिट्सबर्गचं फोर्ब्ज फील्ड, तिथलं इनफिल्ड, म्हणजे बेसभोवतीची जमीन, कडक म्हणून प्रसिद्ध. आठव्या इनिंगमध्ये न्यूयॉर्क यांकीज 7-4 ने पुढे होते. पिट्सबर्ग पायरेट्सच्या बिल व्हर्डनने सरळसा जमिनीलगतचा फटका मारला, एका चेंडूत दोघे बाद व्हावेत असा. शॉर्टस्टॉप टोनी कुबेक बरोबर त्याच्या समोर आला. कुठल्याशा ढेकळाला किंवा खड्याला लागून चेंडू उसळला आणि कुबेकच्या गळ्यावर बसला. त्याला मैदान सोडावं लागलं. त्या इनिंगमध्ये पायरेट्सनी पाच धावा काढल्या आणि शेवटी बिल मॅझरॉस्कीच्या होमरनवर सामना 10-9 असा जिंकला. मॅझरॉस्कीचा फटका सगळ्यांच्या लक्षात आहे. मला मात्र तो सामना आठवला की कुबेकचा गळा आठवतो. त्याने सगळं बरोबर केलं होतं.

"त्याच्याआधी 1924 मध्येही असंच झालं होतं," मी पुढे म्हणाले. "वॉशिंग्टनला सातवा सामना, बाराव्या इनिंगपर्यंत बरोबरी. न्यूयॉर्क जायंट्सचा थर्ड बेसमन फ्रेडी लिंडस्ट्रॉम अठरा वर्षांचा होता. चेंडू त्याच्याकडेच येत होता, पण टप्पा पडून डोक्यावरून निघून गेला. वॉशिंग्टनने वर्ल्ड सिरीज जिंकली. खड्याला लागला म्हणतात."

"बघ, शंभर वर्षं झाली तरी लोक त्या खड्याबद्दल बोलतात. तो नसता तर तुला लिंडस्ट्रॉमचं नाव माहीत असतं का?"

"मामा, तो चांगला खेळाडू होता. पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेला. त्याला खड्याची गरज नव्हती."

मामांचं म्हणणं हलकं घ्यावं असं नाही. मैदानी खेळात जमिनीचा वाटा असतोच. घरातल्या लाकडी फळ्यांवर खेळायचं असतं तर आपण बाहेर आलोच नसतो. पण जमीन कुणाशी खेळते, हे आधी विचारावं. क्रिकेटचं पिच दोघांशी खेळतं आणि दोघांनाही संधी देतं. आज फिरकीला साथ दिली, तर चौथ्या डावात दुसऱ्या संघाच्या फिरकीलाही देईल. बेसबॉलमधला वेडावाकडा टप्पा फक्त क्षेत्ररक्षकाचा घात करतो, आणि तोही त्याने काही चूक केलेली नसताना. त्यातून बॅटरचं कौशल्य सिद्ध होत नाही. म्हणून जो कुणी हे मैदान राखतो, त्याचं पहिलं देणं इनफिल्डमध्ये वाकून उभ्या असलेल्याशी आहे, असं मी मानते.

मातीच्या बाबतीत मात्र मामा गुरू आणि मी शिष्या. पहिल्याच दिवशी त्यांनी इनफिल्डमधली चिमूटभर माती ओली करून बोटांत चोळली.

"वाळू फार आहे यात."

"साठ ते सत्तर टक्के. उरलेलं पोयटा आणि चिकणमाती."

"आमच्या पिचमध्ये निम्म्याहून जास्त चिकणमाती लागते. नाहीतर रोलरखाली बांधलीच जात नाही."

याचं कारण दोन्ही खेळांच्या पायांत आहे. पिचवर चेंडू आपटायचा असतो, म्हणून तिथली माती दाबून दाबून विटेसारखी करतात. बेसबॉलच्या मातीवर धावणारा खिळ्यांच्या बुटांनी जोर घेतो, बेसवर पोचताना अंग टाकून घसरतो. विटेवर घसरला तर कातडी जाईल, निव्वळ वाळूत जोर घेतला तर पाय सरकेल. माती अशी हवी की बुटाचा खिळा आत जावा आणि बाहेर येताना ढेकूळ उचलून न आणता नुसतं भोक ठेवून यावा. खालचा चार ते सहा इंचांचा थर घट्ट, आणि वर पाव-अर्धा इंच भाजलेल्या मातीचे बारीक दाणे. हे दाणे भट्टीत भाजलेले असल्यामुळे पाण्याने त्यांचा चिखल होत नाही. ते पाणी आत धरून ठेवतात आणि खालच्या थराला कडक उन्हापासून वाचवतात.

सगळं काम शेवटी पाण्यावर येऊन थांबतं. चांगल्या मैदानावर सकाळी भरपूर पाणी देतात, ते खाली मुरू देतात आणि सामन्याच्या आधी वरून हलका फवारा मारतात. आमचे सामने शनिवारी सकाळी असले, तर मी शुक्रवारी रात्री पाइप लावते. वरून ओलं आणि आत कोरडं अशी माती सगळ्यांत वाईट. ती तासाभरात सुकते आणि पापुद्रे धरते.

"वाफसा आला पाहिजे," मामा म्हणाले. "शेतकरी ढेकूळ मुठीत दाबून बघतो, तसं बघ. हाताला चिकटलं तर थांब. भुगा झाला तर उशीर झाला."

तेव्हापासून मी ओलावा मोजायला दुसरं काही वापरत नाही.

मग मामांनीच आठवण करून दिली की क्रिकेटच्या नियमांनुसार सामना सुरू झाला की पिचला पाणी देता येत नाही. फलंदाजी करणाऱ्या कर्णधाराने मागितला तर डावाआधी रोलर फिरतो, तोही जास्तीत जास्त 7 मिनिटं. पिच हळूहळू म्हातारं होत जातं आणि त्या म्हातारपणाशी जुळवून घेणं हाच कसोटी क्रिकेटचा गाभा. बेसबॉलमध्ये उलटं. मोठ्यांच्या सामन्यात दोन-तीनदा मधेच माणसं जाळ्या घेऊन धावत येतात, इनफिल्ड पुसून जातात. नवव्या इनिंगचा टप्पा पहिल्या इनिंगसारखाच असला पाहिजे.

"म्हणजे तुमच्याकडे जमिनीला वयच नाही," मामा म्हणाले. त्यांच्या आवाजात दुःख होतं. ते मला कळलं. पाचव्या दिवशीच्या पिचवर ज्याने जीव लावला, त्याला हे ओकंबोकं वाटणारच.

जाळी ओढण्याचं काम दिसतं सोपं. आधी खिळ्यांची फळी फिरवायची, म्हणजे वरचा थर मोकळा होतो. मग लोखंडी जाळी. ती सावकाश ओढायची. छोट्या गाडीला बांधून वेगात फिरवली की मातीत लाटा उठतात. दर वेळी दिशा बदलायची, संपवायची जागाही बदलायची, कारण जाळी जिथे थांबते तिथे माती साचते. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे गवताच्या कडेला फूटभर जागा सोडायची आणि तेवढी पट्टी हातातल्या दाताळ्याने, कडेच्या दिशेनेच ओढायची. घाईत जाळी गवतावर गेली की दाणे गवतात अडकतात. आठवड्यामागून आठवडे ते साचत जातात आणि माती-गवताच्या सीमेवर वरंबा तयार होतो. दिसत नाही, पण पायाला लागतो. जोरात आलेला चेंडू त्याच्यावर चढला की थेट तोंडावर. मुलांच्या मैदानावरचे बहुतेक वाईट टप्पे खड्यामुळे येत नाहीत, या वरंब्यामुळे येतात. कडक झाडूने किंवा पाण्याच्या झोताने ती कडा नियमित धुवावी लागते. या कंटाळवाण्या कामाला कधीच कुणी मदतीला येत नाही, आणि माझ्या मते मैदानावरचं सर्वांत मोलाचं काम हेच.

पावसानंतर मात्र मदतीला झुंबड उडते. सामना व्हावा म्हणून उत्साही वडील खराटे घेऊन येतात आणि डबक्यातलं पाणी गवताकडे लोटतात. पाण्याबरोबर माती जाते. खळगा आणखी खोल होतो, पुढच्या पावसात डबकं आणखी मोठं होतं आणि लोटलेली माती गवताच्या कडेला जाऊन वरंब्यात भर घालते.

"पाणी लोटायचं नसतं, उचलायचं असतं," मामा एकदा भर मैदानात मराठीतून ओरडले, आणि हातवाऱ्यांमुळे ते सगळ्यांना समजलं. आझाद मैदानावर ते गोणपाट टाकत, पाणी प्यायला देत, पिळून काढत, आणि गोलंदाजाच्या पावलांच्या जागी लाकडाचा भुसा टाकत. इथे हातपंपाने पाणी खेचतात, उरलेलं स्पंजने टिपतात आणि मग भाजलेल्या मातीचे दाणे पेरतात. साधनं निराळी, अक्कल तीच. या मुद्द्यावर आमच्यात कधीही वाद झाला नाही.

वाद झाला तो माउंडवर.

पिचर जिथे पाय टाकतो तिथे दर सामन्यात खड्डा पडतो. सामना संपला की त्यातली सुटी माती काढायची, खड्डा ओला करायचा, जास्त चिकणाची माती भरायची, धुमसाने ठोकायची, पुन्हा थोडं पाणी, पुन्हा माती, आणि वर ताडपत्री. सुकी माती नुसती भरून दाबली तर दुसऱ्या दिवशी पहिल्याच पावलाला निघून येते.

"गोलंदाजाच्या पावलांनी पडलेला खरखरीत भाग म्हणजे ऑफस्पिनरचं सोनं," मामा म्हणाले. "आम्ही तो जपतो. तुम्ही बुजवता."

"त्या खड्ड्यात दुसऱ्या संघाच्या पिचरचा पाय पडतो मामा. त्याचा पाय लांब असेल किंवा आखूड असेल, खड्ड्याच्या कडेवर पडला की घोटा मुरगळतो. चेंडूचा प्रश्नच नाही, शरीराचा आहे."

"बरं. पण मातीने सामना ठरू नये म्हणतेस, आणि तुमचा आख्खा माउंड म्हणजे मातीच आहे. त्याची उंची कोण ठरवतं?"

हा प्रश्न नेमका होता. मोठ्यांच्या बेसबॉलमध्ये माउंड 15 इंचांपर्यंत उंच असायचा. 1968 साली पिचर इतके भारी पडले की सेंट लुईसच्या बॉब गिब्सनने दर नऊ इनिंगमागे सरासरी 1.12 धावाच दिल्या, आणि अमेरिकन लीगमधला सर्वोत्तम फलंदाज कार्ल यास्ट्रेम्स्की .301 च्या सरासरीवर पहिला आला. दुसऱ्या वर्षापासून माउंड 10 इंचांवर आणला आणि स्ट्राइक झोनही आखूड केला. 10 इंच अजून तेच आहेत. पिचरच्या पट्टीपासून होम प्लेटच्या टोकापर्यंत 60 फूट 6 इंच, आणि पट्टीच्या पुढे दर फुटाला एक इंच उतार. मुलांचं अंतर 46 फूट, उंची 6 इंच.

"म्हणजे पाच इंच माती काढली आणि खेळ बदलला," मामा विजयाने म्हणाले. "शेवटी बोललीच ना माती?"

"बोलली. पण सगळ्या मैदानांवर एकाच वेळी, सगळ्यांना सांगून. रात्री गुपचूप नाही."

रात्री गुपचूपची गोष्ट मला सांगावीच लागली. 1962 साली लॉस एंजलिस डॉजर्सचा मॉरी विल्स बेस चोरण्यात, म्हणजे फटका नसताना पळून पुढचा बेस गाठण्यात, अशक्य वेगवान होता. त्या मोसमात त्याने 104 बेस चोरले. ऑगस्टमध्ये डॉजर्स सॅन फ्रान्सिस्कोला कॅण्डलस्टिक पार्कवर आले, तेव्हा तिथल्या जायंट्सचे व्यवस्थापक अल्विन डार्क यांच्या सांगण्यावरून मैदान राखणाऱ्या मॅटी श्वाबने पहिल्या बेसजवळची माती उकरून तिथे वाळू, पीट मॉस आणि पाणी यांची भेळ भरली. विल्सला जोर घेता येईना. अंपायरांनी ओळखलं, ती काढायला लावली. श्वाबने ती ढकलगाडीत भरून नेली आणि जवळजवळ तसलीच पुन्हा आणून टाकली. जायंट्सनी त्या भेटीतले तिन्ही सामने जिंकले. मोसमाअखेर दोन्ही संघ बरोबरीत आले, निर्णायक सामन्यांत जायंट्स जिंकले आणि खेळाडूंनी वर्ल्ड सिरीजच्या बक्षिसातला पूर्ण वाटा श्वाबला दिला. त्याच वर्ल्ड सिरीजमध्ये पावसाने तेच मैदान भिजलं, तेव्हा ते वाळवायला वर हेलिकॉप्टर घिरट्या घालत होती.

मला वाटलं मामा खूश होतील. ते चिडले.

"पिच बनवणं वेगळं आणि दलदल करणं वेगळं. आम्ही फिरकीचं पिच केलं, तर त्यावर आमचेही फलंदाज उभे राहतात. ज्याला बाद करायचं त्याच्याच पायाखाली खड्डा खणायचा? हे माळ्याचं काम नव्हे."

"पण जायंट्सचे धावणारेही त्याच बेसवरून धावत होते."

"त्यांच्याकडे विल्स होता का?"

मग मी त्यांना फिलाडेल्फियाच्या रिची अ‍ॅशबर्नबद्दल विचारलं. तो बंट करण्यात तरबेज, म्हणून तिसऱ्या बेसची रेषा मैदानाच्या आत थोडीशी उतरती ठेवत, म्हणजे हळुवार टेकवलेला चेंडू रेषेबाहेर जात नसे. लोक त्याला अ‍ॅशबर्नचा कठडा म्हणत. शिकागोत जीन बॉसार्ड होम प्लेटसमोरची माती चिंब ठेवी, कारण तिथल्या पिचरांच्या चेंडूवर बॅटर जमिनीलगतचे फटके मारत आणि ओल्या मातीत ते मरत. बॉसार्ड घराण्याच्या तीन पिढ्या याच धंद्यात गेल्या.

"उतार चालेल," मामा विचार करून म्हणाले. "ओलही चालेल. कुणाचा पाय मोडत नाही."

मला उतारही चालत नाही, निदान मुलांच्या मैदानावर. तिथे यजमान संघ असा नसतोच, सगळी गावाचीच मुलं. पण मामांनी ओढलेली रेघ मला पटली. चेंडूशी खेळणं एक, माणसाच्या सांध्याशी खेळणं दुसरं. मैदानाच्या सगळ्या नियमांकडे आता मी या रेघेवरून बघते.

एकदा टीव्हीवर डेट्रॉइटचं कमेरिका पार्क दिसलं. तिथे माउंडपासून होम प्लेटपर्यंत गवतात मातीची सरळ पट्टी आहे, जुन्या मैदानांवर असायची तशी. मामा उठून उभे राहिले. "अगं, हे तर पिच!" मी त्यांना हॅरी राइटची ओळख करून दिली. 1869 साली सिनसिनाटीचा उघडपणे पगारी असा पहिला बेसबॉल संघ त्याने उभा केला. जन्म इंग्लंडमधल्या शेफिल्डचा, आणि वडील न्यूयॉर्कच्या सेंट जॉर्ज क्रिकेट क्लबचे व्यावसायिक खेळाडू आणि मैदानाचे राखणदार. तो क्लब पुढे हडसन नदीपलीकडे, आमच्या न्यू जर्सीतल्या होबोकनला एलिझियन फील्ड्सवर खेळे. 19 जून 1846 ला निकरबॉकर क्लबचा गाजलेला बेसबॉल सामना झाला, तो त्याच जागी. दोन्ही खेळांनी एके काळी एकच गवत तुडवलं आहे. न्यू जर्सीची माती अजूनही प्रत्येक मोठ्या सामन्यात असते: नव्या चेंडूंची चकाकी घालवायला डेलावेअर नदीच्या एका उपनदीकाठचा गाळ चोळतात. लीना ब्लॅकबर्न नावाच्या प्रशिक्षकाने तो 1930 च्या दशकात शोधला. मामांना हे खरं वाटेना. क्रिकेटमध्ये चेंडू जमिनीवर घासला तर गुन्हा, आणि इथे अंपायरच माती लावायची व्यवस्था करतात!

शेवटचा वाद सर्वांत मोठा झाला. गावात अधूनमधून कृत्रिम गवताचा विषय निघतो. पाऊस पडला तरी सामने होतील, पालकांना राबावं लागणार नाही, असं त्याच्या बाजूने बोलतात. मामांनी ते ऐकलं आणि मला गाठलं.

"तुझ्या म्हणण्याप्रमाणे टप्पा खरा हवा, सगळ्यांना सारखा हवा, शेवटपर्यंत तसाच हवा. मग प्लास्टिकच घाल की. तुझ्या सगळ्या अटी पूर्ण होतात. उरते ती तुझी हौस."

याला उत्तर द्यायला मला वेळ लागला, कारण वार अचूक होता. ह्यूस्टनचं अ‍ॅस्ट्रोडोम 1965 साली उघडलं, तेव्हा आत खरं गवत होतं. छपराच्या पारदर्शक तावदानांतून येणाऱ्या उजेडात उंच चेंडू दिसेना, म्हणून तावदानं रंगवली. ऊन बंद झालं, गवत मेलं आणि 1966 मध्ये कृत्रिम गवत अंथरलं. तिथून ते देशभर पसरलं. टप्पा त्यावर सरळ येतो, हे खरं.

"पण चेंडू त्यावरून जास्त वेगाने येतो," मी म्हणाले. "भर उन्हात ते 60 अंश सेल्सिअसच्या वर तापू शकतं, आणि दहा वर्षांचं मूल त्यावर घसरलं की मांडी सोलते. आठ-दहा वर्षांनी ते उखडून नवं घालावं लागतं, तो खर्च निराळा. आणि मामा, आमच्याकडे सामना संपला की दोन्ही संघांची मुलं थांबतात. पिचर आपण पाडलेला खड्डा स्वतः भरतो, धुमस मारतो. कॅचर बॅटरची चौकट सारखी करतो. पुढच्या सामन्यात त्या जागी दुसरं कुणी उभं राहणार आहे, हे त्याला हातातून कळतं. प्लास्टिकवर कोण काय भरणार?"

"म्हणजे माती शिकवते."

"हो."

"मी पहिल्या दिवसापासून दुसरं काय म्हणतोय?"

मला हसू आलं आणि मी मान्य केलं. मामा तेवढ्यावर थांबणारे नव्हते. सामन्याच्या दिवशी तुझं राज्य, म्हणाले, पण सरावाच्या एका संध्याकाळी जाळी ओढू नकोस. मैदान कालच्या पावलांसकट असंच ठेव आणि पोरांना जमिनीलगतचे चेंडू दे.

"देते. पण मऊ चेंडूने."

"मऊ चेंडूने भीती जात नाही."

"भीती घालवायची नाही मला. हात मऊ करायचे आहेत. कांगा लीगने तेच केलं, असं तुम्हीच म्हणालात."

ते त्यांनी मानलं. आता बुधवारी आम्ही न ओढलेल्या मातीवर मऊ चेंडूने सराव घेतो, आणि मुलं उशिरापर्यंत चेंडूकडे बघायला शिकताना मला दिसताहेत. त्याबद्दल मामांचे आभार उघडपणे मानते. त्यांचा पुढचा आग्रह मात्र असा आहे की बारा वर्षांवरच्यांना त्याच मातीवर खरा चेंडू द्यावा. फोनवर अजून दर आठवड्याला विचारतात. मी दिलेला नाही. आधी तिसऱ्या बेसमागचा वरंबा पूर्ण काढून होऊ दे, मग बघू, असं त्यांना सांगितलं आहे, आणि त्यावर त्यांनी दाताळ्याचे दात किती अंतरावर आहेत ते विचारलं.